आधी खोली, मग यंत्र : मीटिंग पॉडकडून आपल्या वर्गाने काय शिकावं?



आपल्या वसमतच्या कितीतरी घरांतली मुलं आज पुण्याला किंवा हैदराबादला कंपनीत आहेत. त्यांच्या बोलण्यात हल्ली 'पॉड' हा शब्द येतो. मोठ्या हॉलमध्ये शंभरएक माणसं एकत्र बसून काम करतात, तिथे फोनवर किंवा दोघा-चौघांत शांतपणे बोलता यावं म्हणून ठेवलेली काचेची, आवाज न गळणारी छोटी केबिन म्हणजे पॉड. त्यात सेन्सर, स्क्रीन, आपोआप चालणारा पंखा असतो. तुम्ही म्हणाल, याचा आपल्या शाळेशी काय संबंध? संबंध आहे, आणि तोही थेट लेकरांच्या वाचन-लेखनाशी.

मुळात ही वस्तू आपल्याला नवी नाही. एसटीडी बूथ आठवा. काचेची केबिन, ओढून लावायचं दार, डोक्यावर छोटा पंखा आणि लाल आकड्यांत पळणारं बिलाचं मीटर. रेडिओचा स्टुडिओही असाच. शेजारच्या परभणीचं आकाशवाणी केंद्र आपण लहानपणापासून ऐकतो. रेडिओच्या स्टुडिओला एकापाठोपाठ दोन दारं असतात, भिंतींना भोकांच्या पाट्या असतात आणि माईक चालू झाला की दाराबाहेर लाल दिवा लागतो. खोली आणि यंत्र एकमेकांना कळवतात, ही कल्पना तेव्हापासूनची आहे. आजचे पॉड बनवणारी 'फ्रेमरी' ही कंपनी २०१० साली फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरात सुरू झाली.

आता आवाज अडतो कसा ते बघू. त्याला तीन गोष्टी लागतात : जड भिंत, दोन थरांमधली पोकळी आणि आत आवाज गिळणारं मऊ अस्तर. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फट नको. सात फुटी दाराखाली पाऊण-एक इंच फट राहिली, तर ती दाराच्या साधारण शंभराव्या भागाएवढी होते. तेवढ्यावरून दार कितीही जाड असलं तरी २० डेसिबलच्या पुढे आवाज अडत नाही. म्हणून पॉडच्या दाराला चारी बाजूंनी रबर असतं. २०२० साली आलेल्या आयएसओ २३३५१-१ या मानकात, बोलण्याचा आवाज ३० ते ३३ डेसिबलने कमी करणाऱ्या पॉडला 'ए' वर्ग मिळतो. जाता जाता एक सांगतो. व्हिडिओ करताना भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवायची फॅशन आहे. त्याने बाहेरचा गोंगाट अजिबात अडत नाही, कारण ट्रेला वजनच नाही. आणि कागद पेट घेतो ते वेगळंच.

खरी गंमत पुढे आहे. फट बुजवली की आवाजाबरोबर हवाही अडते. वरच्या वर्गातल्या मुलांना हे गणित जरूर घाला. एका माणसाच्या पॉडमध्ये समजा २ घनमीटर, म्हणजे २००० लिटर हवा आहे. शांत बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे मिनिटाला ०.३ लिटर. दहा लाख भागांत मोजलं तर दर मिनिटाला १५० भागांची वाढ! बाहेरच्या हवेत तो सुमारे ४२० भाग असतो. पंखा बंद असेल तर चार मिनिटांत हजार पार. मग डोकं जड होतं, जांभया येतात. म्हणून माणूस आत आला हे सेन्सरने ओळखायचं आणि पंखा सुरू करायचा. पॉडमधल्या 'स्मार्ट' यंत्राचं हे पहिलं काम, बाकी सगळं नंतर.

हा सेन्सरही नीट निवडावा लागतो. साधा सेन्सर हलणारी उष्णता ओळखतो. माणूस निश्चल बसून ऐकत राहिला तर 'आत कोणी नाही' असं समजून दिवा घालवतो. रडारचा सेन्सर श्वासाने हलणारी छातीही टिपतो. खोलीचं बुकिंग कॅलेंडरला जोडलेलं असतं, वेळेत कोणी आलं नाही तर ती दुसऱ्याला मिळते. ते सोपं आहे. मला जास्त महत्त्वाची वाटते ती आगीची घंटा. जी केबिन बाहेरचा आवाज आत येऊ देत नाही, ती घंटाही ऐकू देणार नाही! म्हणून पॉड इमारतीच्या अलार्मला जोडायचा आणि घंटा वाजली की आतले दिवे लुकलुकले पाहिजेत.

आता आपल्या वर्गात या. लोकवर्गणी करून आपण स्मार्ट टीव्ही लावतो आणि लगेच फोटोही टाकतो. पण खोली कशी असते? सिमेंटच्या उघड्या भिंती, फरशी, वर स्लॅब किंवा पत्रा. ६ बाय ९ मीटरची, ३ मीटर उंच अशी खोली धरा. रिकामी असताना तिच्यात आवाज चारएक सेकंद घुमतो, तीस मुलं बसली तरी दीड सेकंदाच्या आसपास. नववीच्या विज्ञानात याला 'निनाद' म्हटलंय. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वर्गासाठी सुचवलेला निनाद आहे फक्त ०.६ सेकंद. टीव्हीचा आवाज वाढवून उपयोग नाही, कारण घुमणंही तेवढंच वाढतं.

याची किंमत पहिली-दुसरीची लेकरं मोजतात. स्वर मोठे असतात, ते ऐकू येतात. व्यंजनं बारीक असतात, ती मागच्या स्वराच्या घुमण्यात बुडतात. मागच्या ओळीतलं मूल 'पान'च्या जागी 'तान' लिहितं आणि आपण लाल शाईने चूक काढतो. मोठी माणसं अर्थावरून शब्द ओळखतात, पण ज्याचा शब्दसाठाच अजून तयार होतोय त्या मुलाने काय करायचं? कानाचं यंत्र वापरणाऱ्या मुलाला तर हे दुप्पट जड जातं, कारण यंत्र शिक्षकांच्या आवाजाबरोबर गोंगाटही मोठा करतं.

हार्वर्डच्या एका नव्या सभागृहात १८९५ साली भाषण समजतच नव्हतं. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने दुसऱ्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून तिथे मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि घड्याळ लावून घुमणं मोजलं. गाद्या वाढल्या तसं घुमणं कमी झालं. आपल्याकडे गाद्या नसल्या तरी गोधड्या आहेत. मागच्या भिंतीला मऊ फलक, त्यावर मुलांची चित्रं, खाली जाड सतरंजी. खिडकीला पडदा लावायचा तर जाड, चुण्या पाडून. ०.६ गाठलं जाणार नाही, पण फरक कानाला कळतो. पत्र्यावर पावसाचा मारा चालू असेल तेव्हा मात्र श्रुतलेखन घेऊच नका, पाटीवरचं काम द्या.

टीव्ही घेण्याआधी एक चाचणी करा. रिकाम्या वर्गात मधोमध उभं राहून एक जोराची टाळी वाजवा आणि शेपूट किती लांबतं ते ऐका. मग मुलं आल्यावर पाठ करून उभे राहा, म्हणजे त्यांना ओठ दिसणार नाहीत, आणि नेहमीच्या आवाजात दहा शब्द सांगा : पान, कान, तान, मान, दान असे जवळजवळचे. पहिल्या ओळीच्या आणि शेवटच्या ओळीच्या वह्या शेजारी ठेवून तपासा. दुसऱ्या दिवशी ओळी अदलाबदल करून दुसरे दहा शब्द सांगा. पुढे आल्यावर ज्याच्या चुका कमी होतात, त्याची अडचण बहुतेक खोलीत आहे. पुढे बसूनही ज्याचं तेच राहतं, त्याच्या पालकांना एकदा कान तपासून घ्यायला सांगा.