पोलाद कापण्याआधी

साच्याचा खर्च ज्यांना स्वतःच्या खिशातून करायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. विठ्ठलवाडीत आमचा छोटा कारखाना आहे. सोसायट्यांच्या टाक्यांसाठी पंपाचे लेव्हल कंट्रोलर बनवतो. बाजारातल्या तयार डब्यात सर्किट बसवण्यापेक्षा आपला स्वतःचा डबा काढावा असं ठरलं आणि एक सल्लागार नेमला. नाव घेत नाही.

पहिल्याच बैठकीत त्यांनी 'अजाईल' पद्धत सांगितली. दर पंधरा दिवसांनी स्प्रिंट, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, कामाच्या नोंदीसाठी वार्षिक वर्गणीचं सॉफ्टवेअर. मी तेव्हाच म्हटलं होतं, आधी थ्रीडी प्रिंट काढू, आत सर्किट बसवू आणि वायरमनच्या हातात देऊ. उत्तर आलं, "साहेब, ही जुनी विचारसरणी. साचा टाकून मोकळे व्हा, सुधारणा पुढच्या स्प्रिंटला."

अजाईलचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी मिळून मांडला. ती सगळी सॉफ्टवेअरमधली माणसं. चुकलेली ओळ पुसून नवी लिहिणं त्यांना जमतं. आमच्या कंट्रोलरच्या प्रोग्रामला ती पद्धत चांगली लागू पडली, हे मी मान्य करतो. पण साचा पोलादाचा असतो.

शेवटी त्यांच्या म्हणण्याप्रमाणे थेट साचाच केला. ट्रायलच्या दिवशी पहिला शॉट निघाला. डबा दिसायला सुरेख. सर्किट बसलं, झाकण बसलं. मी आमच्या वायरमनला स्टुलावर चढवून डबा भिंतीला लावायला सांगितला. त्याने वायर आत घेतली, टेस्टर टर्मिनलपाशी नेला आणि थांबला. आतली आधाराची भिंत बरोबर स्क्रूच्या तोंडाशी उभी होती. "साहेब, टेस्टर घालू कुठून?"

सल्लागार मोबाइलमधून मानही वर न करता म्हणाले, "हा फीडबॅक बोर्डवर टाका." त्या एका वाक्याचा राग अजून गेलेला नाही. टूलरूमवाल्याला लगेच कळलं होतं काय झालंय ते. प्लास्टिक वाढवायचं असेल तर पोलाद आणखी खोदता येतं. प्लास्टिक कमी करायचं तर खोदलेलं पोलाद भरावं लागतं, म्हणजे वेल्डिंग, नाहीतर इन्सर्ट, आणि वर पुन्हा मशिनिंग. एक प्रिंट काढला असता तर हे सगळं टेबलावरच कळलं असतं.

एवढ्यावर भागलं नाही. खर्च वाचवायला एबीएस प्लास्टिकऐवजी पीपी घेऊ, हीही सूचना त्यांचीच. एबीएस थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसतं, पीपी एक ते अडीच टक्के. त्याच साच्यातून झाकण कसं बसणार? ती सूचना मी तिथेच उडवून लावली.

म्हणून सांगतो, कुठलीही पद्धत घेताना बदलाला किती पैसे पडतात ते आधी विचारा. बदल स्वस्त असेपर्यंत हवे तितके प्रयोग करा. आधी प्रिंट, मग सिलिकॉनचा साचा. त्यातून वीसेक नग निघतात, ते खऱ्या गिऱ्हाइकाकडे, खऱ्या भिंतीवर लावून बघा. पोलाद त्यानंतर. मटेरियल ठरल्याशिवाय साच्याचं ड्रॉइंग मंजूर करू नका. शंकेच्या जागी पोलाद जास्त ठेवायला सांगा, काढणं सोपं असतं. छोट्या कारखान्याला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, फ्रीकॅड फुकट मिळतं आणि नोंदींना एक्सेल पुरतं. छत्रपती संभाजीनगरला केंद्र सरकारची इंडो-जर्मन टूल रूम आहे, लघुउद्योगांसाठीच काढलेली. तिथे चौकशी करा. चार ठिकाणी भाव काढा, घाई करू नका.

आणि साचा कोणाच्या मालकीचा, कॅड फाइल कोणाकडे राहणार, हे पहिला हप्ता देण्याआधी कागदावर घ्या. आमची फाइल मिळवायला मला त्यांच्या ऑफिसात जाऊन बसावं लागलं. त्यांचं शेवटचं बिल मी दिलेलं नाही आणि देणारही नाही.