वरून पडलेल्याची भरपाई

पहाडगंजात आमची गच्ची शेजारच्या गच्चीला खेटून आहे. शेजारच्या लग्नाचं चित्रीकरण करणारा ड्रोन आमच्याकडे कोसळला आणि पाण्याच्या टाकीला तडा गेला. बाकीचं नुकसान तो उचलायला भिंतीवरून आलेल्या वऱ्हाडातल्या पोरांनी केलं: सोलर हीटरच्या नळ्या, जिन्यावरचा पत्रा, कुंड्या. चित्रीकरणवाला टाकीचे पैसे द्यायला तयार होता. बाकीच्याचं काय, तर "पोरं माझी नाहीत."

हे उत्तर मुकाट्यानं स्वीकारू नका. न्यूयॉर्कमध्ये 1822 साली असाच वाद न्यायालयात गेला होता. गिल नावाचा बलूनवाला स्वानच्या बागेत उतरला, त्यानं मदतीसाठी हाका मारल्या आणि धावलेल्या गर्दीनं भाजी तुडवली. बलूननं केलेलं नुकसान जेमतेम 15 डॉलरचं, भरपाई ठरली 90 डॉलर, तीही सगळी गिलवर. असं उतरल्यावर माणसं धावून येणारच, हे त्याला कळायला हवं होतं. आपल्या न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही, पण पॅराशूट असो की ड्रोन, हा युक्तिवाद मांडता येतो.

1934 च्या विमान कायद्यापासून नियम असा आहे की वाजवी उंचीवरून नुसतं उडणाऱ्यावर दावा चालत नाही. खाली पडून नुकसान केलं की ही ढाल उरत नाही.

म्हणून आवराआवर करण्याआधी फोटो काढा आणि 112 ला कळवा. ड्रोन अडवून ठेवू नका. त्याच्या नोंदणी क्रमांकाचा फोटो घेऊन पोलिसांसमोर परत करा. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमवरच्या ड्रोनला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, तेव्हा पॉलिसी मागा. स्वातंत्र्यदिनाच्या किंवा प्रजासत्ताकदिनाच्या सुमाराची घटना असेल तर दिल्ली पोलिसांचा बंदी आदेश पाहा. त्यात ड्रोन, पॅराग्लायडर आणि विमानातून पॅराशूटनं मारलेल्या उड्याही येतात.

सर्वांत महत्त्वाचं, थोडे पैसे हातात पडताना "पूर्ण व अंतिम" लिहिलेल्या पावतीवर सही करू नका. मी फक्त "टाकीपोटी" असं लिहून दिलं, म्हणून हीटरचे पैसे नंतर मागता आले आणि मिळालेही. मिळकतीत घुसखोरी झाल्याबद्दल भरपाईचा दावा करायला तीन वर्षांची मुदत असते.

आणि नारनौलला पॅराशूटच्या उड्या मारायला जाणाऱ्या तरुणांनो, विम्याचा कागद नीट वाचा. तुमचं हाड मोडलं तर काय, एवढंच त्यात असेल, तर ज्याच्या उभ्या पिकात तुम्ही उतराल त्या शेतकऱ्याची भरपाई कोण देणार, हे उडीआधी लेखी विचारून घ्या.