मामा लेहला का पोहोचला नाही?



या वेळी गुरुजींनी सांगितले होते, "घरात घडलेली एखादी गोष्ट घ्या आणि नकाशा व पुस्तके घेऊन तिचा अभ्यास करा." आमच्या घरातल्या एका गोष्टीवर पारावरची मंडळी अजून हसतात. म्हणून मी तीच घेतली.

माझा धाकटा मामा जून २०२४ मध्ये मित्राबरोबर मोटारसायकलवरून लेहला निघाला. निघताना आजीने हातावर दही-साखर दिली. बारा दिवसांनी तो परत आला, पण लेह न बघताच. तेव्हापासून त्याचे नाव 'लेहकर' पडले. "काय लेहकर, अर्ध्या वाटेतच भ्यालात व्हय?" असे कोणीतरी विचारतेच. मामा हसून सोडून देतो. पण गाडीवर त्याने ताडपत्री टाकून ठेवली आहे. मला प्रश्न पडला, मामा खरंच भ्याला का?

रस्ता कसा आहे?

मनाली हिमाचल प्रदेशात आहे आणि लेह लडाखमध्ये. मधला रस्ता जगातल्या सर्वांत उंच रस्त्यांपैकी एक आहे. देशोदेशीचे लोक मोटारसायकल घेऊन तिथे येतात. पूर्वी हा रस्ता रोहतांग खिंडीवरून जायचा आणि सुमारे ४७५ किलोमीटर भरायचा. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचे उद्घाटन झाले. त्यामुळे सुमारे ४६ किलोमीटर वाचले. १९६० साली स्थापन झालेली सीमा सडक संघटना हा रस्ता राखते. हिवाळ्यात बर्फामुळे तो काही महिने बंद असतो. झारखंडच्या दुमका भागातले पुष्कळ मजूर लडाखच्या रस्त्यांवर काम करायला जातात.

शेजारी मी उंचीचा आलेख काढून लावला आहे. त्यातले आकडे मीटरमध्ये असे :

कळसूबाई – १,६४६ (महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर)
मनाली – सुमारे २,०५०
केलाँग – सुमारे ३,१००
सरचू – सुमारे ४,३००
बारालाचा ला – सुमारे ४,८५०
तांगलांग ला – सुमारे ५,३००
लेह – सुमारे ३,५००

'ला' म्हणजे खिंड. आलेख बघा, म्हणजे कळेल की हा रस्ता एकदा चढून एकदा उतरत नाही. तो चढतो, उतरतो आणि पुन्हा चढतो.

वाटेत तांडी नावाचे गाव लागते. तिथल्या पेट्रोल पंपावरची 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' ही पाटी प्रवाशांत प्रसिद्ध आहे. मामाने तिथून डब्यात जादा पेट्रोल घेतले. पुढे रस्त्यावरून ओढे वाहतात. सकाळी त्यांना पाणी कमी असते. दुपारी उन्हाने बर्फ वितळले की पाणी वाढते आणि गाडी काढणे कठीण होते. म्हणून लोक भल्या पहाटे निघतात. मामाही पहाटे निघाला आणि ओढे ओलांडायच्या घाईत मध्ये कुठे मुक्कामच केला नाही. इथेच चूक झाली.

गाडीलाही दम लागतो

हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. उंचावरही तो तेवढाच टक्के असतो, पण हवाच विरळ होते. सरचूला हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ६० टक्केच भरतो. म्हणजे एका श्वासात आपल्याला प्राणवायू कमी मिळतो.

मामाची गाडी जुनी, कार्ब्युरेटरची. उंचावर हवा कमी येते आणि त्या मानाने पेट्रोल जास्त पडते. ते पुरते जळत नाही. मग काळा धूर येतो आणि गाडी चढ ओढत नाही. मामा म्हणाला, "गाडी आधी धापा टाकायला लागली, मी मागनं." पिशवीतली चिवड्याची बंद पुडी फुग्यासारखी फुगली होती. तिथे पाणी सुमारे ८६ अंशांनाच उकळते, त्यामुळे भात लवकर शिजत नाही.

मामाचे काय झाले?

मामा एका दिवसात मनालीहून सरचूला पोहोचला. म्हणजे एका दिवसात २,२५० मीटर वर जाऊन तिथेच झोपला. रात्री त्याचे डोके ठणकायला लागले. उलट्या झाल्या. झोप लागेना. सकाळी सरळ चालताना तोल जायला लागला. त्याच्या मित्राला वाटले, चहा घेऊन बरे वाटेल. पण तंबूवाल्या बाईंनी मामाला चालताना बघितले आणि म्हणाल्या, "आता पुढे नाही. खाली न्या, लगेच."

पण खाली कुठे जाणार? सरचू दोन्हीकडून खिंडींच्या मध्ये आहे. पुढे जावे तर चढ आणि मागे यावे तरी बारालाचाचा चढ. त्यांनी मागची वाट धरली, कारण खिंड ओलांडली की तिकडे उतारच उतार आहे. मामाला जीपमध्ये घातले आणि गाडी रिकाम्या ट्रकवर चढवली. केलाँगच्या दवाखान्यात त्याला प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले, "पुढे गेला असतात तर जिवावर बेतले असते." दोन दिवसांनी मामा नीट चालू लागला. तोवर मित्राची रजा संपत आली होती, म्हणून दोघे परत फिरले.

मी गल्लीतल्या सुभेदार आजोबांना विचारले. ते लडाखला राहून आलेले आहेत. आजोबा म्हणाले, "अगं, जवानाला तरी कुठं एकदम वर पाठवतात? नऊ ते बारा हजार फुटांवर आधी सहा दिवस ठेवतात. बारा ते पंधरा हजारांवर आणखी चार दिवस. त्याच्या वर जायचं तर पुन्हा चार दिवस. तुझा मामा तर एका दिवसात चौदा हजारांवर गेला." सर्वसामान्य माणसासाठी डॉक्टरांचा नियम असा आहे की ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये. अंगात ताकद किती आहे याला इथे महत्त्व नाही. पैलवानालाही हा त्रास होतो.

इतर देशांतले रस्ते

गुरुजींनी मला जगाच्या नकाशात आणखी दोन रस्ते दाखवले. तिथेही मोटारसायकलवाले हौसेने जातात आणि तिथेही थांबावे लागते.

बोलिव्हिया देशात ला पाझहून कोरोइकोकडे जाणारा युंगास रस्ता कड्याच्या कडेने जातो. जुना रस्ता इतका अरुंद आहे की तिथे उतरणाऱ्याने थांबायचे आणि चढणाऱ्याला वाट द्यायची, असा नियम आहे. त्या देशात गाड्या उजव्या बाजूने चालतात, पण या रस्त्यावर डावीकडून चालवतात, म्हणजे चालकाला दरीची कड नीट दिसते.

दुसरा पॅन-अमेरिकन महामार्ग. तो अलास्कापासून अर्जेंटिनापर्यंत सुमारे ३०,००० किलोमीटर आहे. पण पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये सुमारे १०० किलोमीटर रस्ताच नाही. तिथे दारिएनचे दाट जंगल आणि दलदल आहे. कितीही शूर माणूस असला तरी बहुतेक जण तिथे गाडी बोटीत किंवा विमानात घालतात. त्यांना कोणी भित्रा म्हणत नाही.

मला काय समजले?

मामाला खारदुंग खिंडीच्या पाटीखाली फोटो काढायचा होता. त्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट असे लिहिलेले असे. नंतरच्या मोजणीत ती उंची सुमारे १७,५८२ फूट भरली. पाटी चुकली तरी चालते, पण आपले शरीर जे सांगते ते ऐकलेच पाहिजे.

मामाची चूक झाली, हे खरे आहे. ती चूक परत फिरण्याची नव्हती. घाईने वर जाण्याची होती. परत फिरला म्हणून तो आज आमच्यात जेवायला बसतो. आपल्या घाटातही धुके असताना किंवा दरड कोसळलेली असताना कोणी माघारी आला तर त्याला हसू नये, असे मला वाटते.

मामाने हा लेख लावण्याआधी वाचला. म्हणाला, "आकडे बरोबर हायेत. पण उलट्या झाल्या तेवढं खोड." मी खोडले नाही. मग त्याने माझ्याकडून आलेखाची नक्कल मागून घेतली आणि केलाँगपुढे पेन्सिलीने 'तीन मुक्काम' असे लिहिले. दुसऱ्या दिवशी गाडीवरची ताडपत्री काढलेली होती. आजीला अजून सांगितलेले नाही. वाचणाऱ्या पालकांनीही सांगू नये, ही विनंती.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी