आधी उतार, मग चढ : मोलेच्या घाटातील श्रमाचे वैद्यक

बेळगावच्या वैद्यकवर्गात सायकल आणि पदभ्रमण यांची गोडी चांगलीच वाढली आहे. रविवारी पहाटे खानापूर रस्त्याला लागणाऱ्या सायकलींमध्ये आपल्या व्यवसायबंधूंची संख्या लक्षणीय असते आणि त्यांच्यामागोमाग त्यांचे रुग्णही येऊ लागले आहेत. "डॉक्टर, तुमच्याबरोबर अनमोड घाट उतरायचा आहे, येऊ का?" असे मधुमेहाचा अहवाल दाखवता दाखवता विचारणारे दोघे-तिघे तरी दर हिवाळ्यात मला भेटतात. या प्रश्नाचे उत्तर केवळ ईसीजी आणि रक्तदाब पाहून देता येत नाही. त्यासाठी घाटाची रचनाही पाहावी लागते. प्रस्तुत लेख त्यासाठीच आहे.

खानापूर, लोंढा, रामनगर करीत आपण अनमोडला पोहोचतो, तोवर रस्ता घाटमाथ्याचाच असतो. पुढे राज्याची सीमा ओलांडली की गोव्याचे भगवान महावीर अभयारण्य लागते. सुमारे २४० चौरस किलोमीटरच्या या अरण्यापैकी १०७ चौरस किलोमीटर क्षेत्राला १९७८ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. तेच मोले राष्ट्रीय उद्यान. ३१० मीटर उंचीचा दूधसागर, काळ्या बेसाल्टमध्ये घडवलेले तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन महादेव मंदिर आणि पूर्वी ब्रिटिश हिंदुस्थान व पोर्तुगीज गोवा यांच्या सीमेवरचे ठाणे असलेले कॅसलरॉक ही सारी याच पट्ट्यात आहेत. कॅसलरॉक ते कुळे हा सुमारे २६ किलोमीटरचा लोहमार्ग ३७ फुटांस एक फूट अशा उताराने खाली जातो. आगगाडीला हा घाट चढवताना मागेही इंजिने जोडावी लागतात, एवढे सांगितले तरी चढाची कल्पना यावी. (या रुळांवरून चालत दूधसागर गाठणे बेकायदेशीर आहे आणि बोगद्यांत जीवघेणेही. तसेच महामार्ग सोडून अरण्यात पाऊल टाकण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. या दोन्ही गोष्टी नियम म्हणून तर पाळाव्यातच, पण वैद्यकीय कारणासाठीही पाळाव्यात. आपण कोठे गेलो आहोत हे कोणाला तरी ठाऊक असते.)

मुद्दा असा की घाटाविषयीचे बहुतेक मार्गदर्शन आधी चढ व मग उतार असे गृहीत धरून लिहिलेले असते. राजगड चढणारा पुणेकर पहाटेच्या गारव्यात चढतो आणि दमल्यावर उतरतो. हिमालयातील खिंडीचाही क्रम तोच. घाटमाथ्यावर राहणाऱ्या आपल्या माणसाचा क्रम उलटा आहे. सकाळी सहा-सातला ताज्या अंगाने, वाऱ्याच्या झुळुकीत तो खाली उतरतो. मोलेला चहा-पाव होतो, मंदिर पाहून होते, आणि ऊन डोक्यावर आले की परतीचा चढ सुरू होतो. दिवसातला सर्वांत कठीण श्रम सर्वांत वाईट वेळी येतो. उंचीचा त्रास येथे संभवत नाही, कारण तो साधारणतः २,५०० मीटरच्या वर सुरू होतो आणि आपला घाट त्याच्या पाव उंचीचाही नाही. त्यामुळेच हा घाट सोपा समजला जातो.

थोडे गणित करू. ७० किलो वजनाचा स्वार आणि १५ किलोची सायकल, पाणी व सामान असे ८५ किलो ५०० मीटर वर न्यायचे, तर सुमारे ४१५ किलोज्यूल यांत्रिक काम होते. स्नायूंची कार्यक्षमता २० ते २५ टक्के असते. म्हणजे या चढासाठी शरीर सुमारे १,९०० किलोज्यूल, अर्थात साडेचारशे किलोकॅलरी खर्च करते आणि त्यातले जवळजवळ १,५०० किलोज्यूल निव्वळ उष्णता म्हणून उरतात. ७० किलोच्या देहाचे तापमान एका अंशाने वाढायला सुमारे २४५ किलोज्यूल पुरतात. उष्णता बाहेर गेलीच नाही, तर केवळ या एका चढाने शरीर सहा अंशांनी तापेल! तसे होत नाही, कारण घाम आहे. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता जाते, तेव्हा कागदावर सहाशे-सव्वासहाशे मिलिलिटर घाम पुरेसा ठरतो.

परंतु हा हिशेब वाफ झालेल्या घामाचा आहे. हनुवटीवरून ठिबकलेला घाम शरीराला थंड करीत नाही, तो फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. मोलेचे अरण्य दमट, झाडी दाट, वारा अडलेला. उतरताना ताशी तीस-चाळीस किलोमीटरचा वारा अंगाला लागतो, घाम दिसतही नाही. चढताना वेग आठ-दहावर येतो आणि तो कृत्रिम वाराही नाहीसा होतो. सकाळी सुखावह वाटलेला तोच रस्ता दुपारी भट्टी होतो, त्याचे कारण तापमापकातील फरकापेक्षा येथे अधिक आहे.

मार्चअखेरच्या एका फेरीत आमच्यापैकी पन्नाशीचे एक सहकारी वरच्या वळणांवर सायकल आडवीतिडवी चालवू लागले. थांबवले तर असंबद्ध बोलू लागले. अंग घामाने निथळत होते, त्यामुळे "घाम येतोय, म्हणजे उष्माघात नव्हे" असे एकजण म्हणालाही. ही समजूत आपल्या व्यवसायातही रुजलेली आहे. वृद्धांना उन्हाळ्याच्या लाटेत होणाऱ्या उष्माघातात त्वचा कोरडी पडते, पण श्रमजन्य उष्माघातात बहुधा घाम चालूच असतो. काखेतले तापमान ३८.४ भरले, गुदमार्गातले ४०.७. सोबतच्या गाडीत बर्फाची पेटी होती. चादर बर्फाच्या पाण्यात भिजवून अंगावर घातली, तापली की पुन्हा भिजवली, वर टॉवेलांनी वारा घातला. वीसेक मिनिटांत त्यांनी आपल्या मुलीचे नाव बरोबर सांगितले आणि मगच आम्ही त्यांना रुग्णालयात हलवले. आधी थंड करणे, मग हलवणे, हाच क्रम योग्य आहे. ४० अंशांच्या वर तापमान आणि बिघडलेली शुद्ध अशी जोडी दिसली, की अर्ध्या तासाच्या आत ताप उतरला पाहिजे. घाटातून फोंड्यापर्यंतचा प्रवासच त्याहून मोठा आहे. पॅरासिटॅमॉलचा येथे काही उपयोग नाही.

याच्या उलट टोकाला पाण्याचा अतिरेक असतो. "भरपूर पाणी प्या" हा सल्ला आपण इतका सढळपणे देतो, की काहीजण तहान नसताना लिटरमागून लिटर साधे पाणी पितात आणि रक्तातले सोडियम १३५ च्या खाली आणतात. डोकेदुखी, मळमळ, गोंधळ ही लक्षणे उष्माघातासारखीच, पण तापमान फारसे वाढलेले नसते आणि बोटांतली अंगठी घट्ट झालेली असते. अशा माणसाला सवयीने सलाईन चढवू नये. झटके येत असतील किंवा शुद्ध हरपत असेल, तर तीन टक्के सलाईनचे १०० मिलिलिटर, हा उपचार रुग्णालयातील सहकाऱ्यांनी जाणून असावा. चालणाऱ्याने तहानेप्रमाणे प्यावे, सोबत जलसंजीवनी किंवा खारवलेले ताक ठेवावे आणि वेदनाशामक गोळी घेऊन चढायला लागू नये. कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडावर तो दुसरा घाव ठरतो.

पायी उतरणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. उतारावर दम लागत नाही. सुमारे दहा टक्के उतारावर तर चालण्याचा ऊर्जाव्यय सपाटीपेक्षाही कमी असतो. मात्र प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच ताण धरतो, आणि या 'एक्सेंट्रिक' श्रमाने त्याचे तंतू सूक्ष्म प्रमाणात फाटतात. दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाणवते, पण शक्ती मात्र त्याच क्षणी घटते. म्हणून देवळापर्यंत मजेत उतरलेला माणूस परतीच्या चढावर शंभर पावलांत बसतो आणि त्याला वाटते, आपले हृदयच दगा देत आहे. सायकलस्वाराला हा त्रास नाही, कारण उतारावर त्याच्या मांड्यांना विश्रांती असते. उपाय स्वस्त आहे. दोन-तीन आठवडे आधी एकदा-दोनदा मुद्दाम उतरण्याचा सराव करावा, मग ते राजहंसगडाचे उतार असोत की इमारतीचा जिना. एका सरावाचे संरक्षण काही आठवडे टिकते.

हृदयाविषयी मात्र थट्टा नको. पस्तिशीनंतर श्रमात होणाऱ्या आकस्मिक मृत्यूंचे प्रमुख कारण हृदयरोहिणीविकार हेच आहे, आणि दक्षिण आशियाई माणसाला पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो, असे 'इंटरहार्ट' अभ्यासात आढळले. धोका सर्वाधिक असतो तो एरवी बैठे काम करून एकाच रविवारी घाट चढणाऱ्याला. मी अशा रुग्णाला 'नाही' म्हणत नाही. तीन महिने वॅक्सिन डेपोच्या परिसरात रोज वेगाने चालायला सांगतो, छातीत आवळल्यासारखे होते का हे खोदून विचारतो आणि पहिल्या वर्षी घाट उतरून मोलेहून गाडीने परत यायला सांगतो. औषधेही तपासावीत. बीटा-ब्लॉकरमुळे नाडी मर्यादेबाहेर वाढत नाही, तेव्हा नाडीवरून श्रम मोजणे फसवे ठरते. मूत्रल औषधांचा त्या सकाळचा डोस पुढे ढकलावा की कसे, हे आधी ठरवावे. एसजीएलटी-२ वर्गातील गोळी उपाशीपोटी दीर्घ श्रमात किटोन वाढवू शकते, रक्तशर्करा सामान्य दिसत असतानाही. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर केवळ घाटातच नव्हे, तर त्या रात्री झोपेतही उतरू शकते. हे त्याच्या घरच्यांना सांगावे.

सापाविषयी एकच सांगतो. आपली प्रतिविषलस नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांवर चालते. या अरण्यातील चापड्यांवर ती उपयोगी पडत नाही. दंश झालेल्याला चालवू नये.

शेवटचा विषय घरी परतल्यानंतरचा आहे. क्यासनूर अरण्यज्वर, ज्याला माकडताप म्हणतात, तो १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गातील दोडामार्गात त्याचे रुग्ण आढळले. आपले अरण्य या दोहोंच्या शेजारचे आहे. गोचिडांचा हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या फेऱ्यांचा काळ. पूर्वीची लस आता वापरात नाही. म्हणून पूर्ण बाह्या, मोज्यांत खोचलेली विजार, परतल्यावर आंघोळीआधी सर्वांगाची तपासणी आणि गोचीड आढळल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढणे, एवढे तरी करावे. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वनखात्याला कळवावे. तीन ते आठ दिवसांनी एकाएकी चढलेला ताप, प्रचंड डोकेदुखी, लाल डोळे आणि घटलेल्या श्वेतपेशी व प्लेटलेट्स घेऊन कोणी आला, तर डेंग्यूची चाचणी लिहिण्याआधी त्याला विचारावे, गेल्या आठवड्यात कोठे गेला होतात? आणि उत्तर 'मोले' असे आले, तर रक्ताचा नमुना त्याच दिवशी, पहिल्या आठवड्याच्या आतच, आरटी-पीसीआरसाठी पाठवावा.