नाणेघाट चढूनच दाखवा

भाताची झोडणी उरकली की पोरांना एक दिवस कुठं न्यायचं, हा आपल्या किन्हवलीकडच्या घराघरातला प्रश्न. उत्तर बहुतेक वेळा टिटवाळा. तिथं जाच, पण एक दिवस नाणेघाटासाठी काढा. सरळगावला आलात की कल्याण–नगर रस्ता लागतो. टोकावडे मागं टाकायचं, वैशाखरे ओलांडलं की उतरायचं आणि चालायला लागायचं.

जुन्नरच्या बाजूनं गाडी थेट घाटमाथ्यावर जाते. मुलांना तसं नेऊ नका, हा माझा हट्ट समजा. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच खिंडीतून जुन्नरला आणि पुढं पैठणला जाई. ‘व्यापारी मार्ग’ हे उत्तर पाठ करून मार्क मिळवलेला मुलगा दोन-तीन तास चढला, की घाम पुसत आपणहून विचारतो, “लादलेलं जनावर इथनं चढायचं कसं?”

वरच्या लेण्यात मात्र मोठ्यांचीच निराशा होते. “काहीच नाही की इथं!” मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते, त्यातल्या काहींची पावलं तेवढी शिल्लक आहेत. वर ब्राह्मी लिपीत नावं आहेत : सिमुक सातवाहन, देवी नायनिका, श्री सातकर्णी. नाव आहे, पावलं आहेत, मधला माणूस गायब. “तुटले पुतळे” म्हणून विषय मिटवू नका. मधला माणूस पोरांना रचू द्या. त्यांनी नायनिकेला नऊवारी नेसवली तरी लगेच दुरुस्त करायला धावू नका.

ही नायनिका म्हणजेच राणी नागनिका. बाजूच्या भिंतींवरचा लांबलचक लेख तिचा मानला जातो, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा. केलेले यज्ञ आणि त्यात दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी यांचा तो हिशेब आहे. घरातल्या लेकींना हे आवर्जून सांगा.

हिशेब आला की आकडे आले. आपल्या देशातले फार जुने कोरीव अंक इथं आहेत. एकाला एक आडवी रेघ, दोनाला दोन. शून्य मात्र नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र खुणा. २०१४ साली जन्मलेल्या मुलाला शून्याशिवाय आपलं जन्मसाल लिहायला सांगा. दोन हजाराची, दहाची आणि चाराची, अशा तीन खुणा त्याला नव्यानं शोधाव्या लागतील. तेवढ्यात तुमची भाकरी खाऊन होते.

भिंतींवर हल्लीच्या लोकांची नावंही दिसतील, बदामासकट. “राजानं लिहिलं ते चालतं, मग यांनी लिहिलं तर काय झालं?” असं एखादं पोरगं विचारेलच. याचं उत्तर मला सोपं वाटत नाही. घरूनच विचार करून जा. माथ्यावरचा दगडी रांजणही दाखवा. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात.

पावसाळ्यातला रविवार टाळा. त्या गर्दीत लेणं बघणं होत नाही. पौष-माघात जा, पाणी भरपूर घ्या आणि दुपारी वेळेत उतरायला लागा. अगदी लहानग्याला आणखी दोन वर्षं आजीपाशी राहू द्या. थोरल्यांना भाकरीचं गाठोडं आळीपाळीनं उचलायला लावा, मोबाईल तुमच्याच पिशवीत राहू द्या.