शरदातील शोधन : एक कैफियत

आश्विनातील उन्हाने पित्त खवळते हे सांगण्यास वैद्य लागत नाही. आमच्या पुण्यात गणपती उठले की घरोघरी आंबट ढेकरा, डोळ्यांची आग, तोंड येणे आणि अंगावर उठणाऱ्या गांधी यांची गाऱ्हाणी सुरू होतातच. पावसाळ्यात साचलेले पित्त शरदाच्या प्रखर किरणांनी प्रकुपित होते, म्हणून कडू व गोड रसाचे हलके अन्न, तिक्तघृत, विरेचन आणि प्रसंगी रक्तमोक्षण योजावे, हे जे चरकाने व वाग्भटाने ऋतुचर्येत सांगून ठेवले, त्यावरील माझी श्रद्धा आजही अढळ आहे. आणि त्याच श्रद्धेचे ज्यांनी भांडवल केले, त्यांची हकीकत सांगणे म्हणूनच मला भाग आहे.

शरदात शोधन करून घेण्यासाठी मी एका केंद्राच्या शिबिरात नाव नोंदवले. त्या शिबिराच्या अर्जात मी सारा तपशील भरला होता: वय, रक्तदाब, आणि त्यासाठी रोज घ्यावी लागणारी, लघवीवाटे पाणी व क्षार बाहेर काढणारी गोळी. कारकुनाने तो कागद माझ्यादेखत दप्तरी दाखल केला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्हा सर्वांना एका रांगेत बसवून एकाच पातेल्यातला निशोत्तराचा काढा एकाच मापाने पाजण्यात आला. विरेचनापूर्वी स्नेहपान नको काय, असे मी विचारले, तेव्हा वैद्यमहाशय हसून म्हणाले, “अहो काका, एवढी सवड आता कोणाला असते?”

दुपारपर्यंत पोटऱ्यांत गोळे येऊ लागले आणि उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येई. “विष बाहेर पडते आहे, हे शुभलक्षण समजा,” असे तेथील परिचारकाने मला ऐकवले. ते वाक्य आठवले की आजही माझ्या अंगाची लाही होते. भिंतीचा आधार घेत मी कचेरीत गेलो आणि माझा अर्ज पाहू द्या म्हणालो, तेव्हा टेबलावर नोंदवही उघडीच पडली होती. ‘प्रकृती’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत, एकाच शाईने, एकाच हाताने ‘पित्त’ हा शब्द उतरवलेला होता. नाडी पाहिल्याची नोंद कोठेही नव्हती. आणि माझ्या नावापुढे, चालू औषधांच्या रकान्यात, स्वच्छ आडवी रेघ होती. मी स्वहस्ताने लिहून दिलेला मजकूर कोणी वाचलाच नव्हता! ज्या शास्त्राचा सारा डोलारा देश, काल, बल आणि प्रकृती पाहण्यावर उभा आहे, त्या शास्त्राच्या नावाने चाललेली ती केवळ हजेरी होती.

पुढे धाकट्या बंधूने मला इस्पितळात नेले, सलाइन लागले, रक्तातील क्षार उतरल्याचे निष्पन्न झाले. केंद्राचा जबाब असा आला की, मी आदल्या रात्री पथ्य मोडले असावे. आदल्या रात्री मी त्यांनीच सांगितलेली मुगाची पातळ खिचडी खाल्ली होती, आणि ते सिद्ध करण्यास मजपाशी साक्षीदार आहेत.

आता ज्यांना शरदात शोधन करावयाचे आहे, त्यांनी एवढे पाहावे. विरेचनाआधी ३ ते ७ दिवस चढत्या मात्रेने औषधी तुपाचे पान, मग अभ्यंग व स्वेदन, आणि नंतर पेया, विलेपी, यूष अशा क्रमाने अग्नी सांभाळत नित्याच्या आहारावर येणे, हा विधी आहे. तो गाळून एका सकाळीत शुद्धी करून देणाऱ्याच्या दारी उभे राहू नये. दुर्बळ मनुष्यास तीव्र विरेचन ग्रंथांनीच वर्ज्य सांगितले आहे. लघवीची गोळी घेणाऱ्यांनी, हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी आणि गर्भवतींनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या संमतीवाचून रेचकाचा घोटही घेऊ नये.

बहुतेकांना तर पथ्यच पुरते. जुने तांदूळ, गहू, जव, मूग, पडवळ, दुधी, आवळा, मनुका. दही, तळण व क्षार बंद. दिवसा निद्रा नको, पहाटेचे दव व दुपारचे ऊन टाळावे. सायंकाळी पहिल्या प्रहरीचे चांदणे अंगावर घ्यावे असे वाग्भट सांगतो. कोजागरीच्या नावाखाली रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी दुपारी झोपणे त्यात बसत नाही. नवरात्रात तर शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची तिखट खिचडी नऊ दिवस खाऊन पित्ताला आपणच आमंत्रण देतो, आणि मग शिबिरांची दारे शोधतो! ऋतू बदलताना मागील ऋतूचे शेवटचे व पुढील ऋतूचे पहिले ७ दिवस मिळून जो ऋतुसंधी होतो, त्यात जुना आहारविहार क्रमाक्रमाने सोडावा, एकदम नव्हे. मन शांत ठेवावे, वेळेवर निजावे.

माझ्या अर्जाची नक्कल मी लेखी मागितली आहे. ती अद्याप मिळालेली नाही. तुम्ही काढ्याचा पेला हाती घेण्यापूर्वीच तुमच्या अर्जाची नक्कल, वैद्याच्या सहीनिशी व औषधाच्या नावमात्रेसह, मागून घ्या, आणि ती देण्यास कोणी कांकू केले तर पेला तसाच खाली ठेवून घरी या.