मानेवरचे थेंब

पोळा जवळ आला की परभणी जिल्ह्यातल्या गावोगावी गोचिडाच्या औषधाच्या बाटल्या बाहेर निघतात. बैल धुवायचे, शिंगं रंगवायची, झूल चढवायची. त्याआधी अंगावरचे गोचीड गेले पाहिजेत. बादलीभर पाण्यात मापाने औषध टाकायचं आणि फडक्याने जनावराचं अंग पुसून काढायचं. उरलेली बाटली गोठ्याच्या कोनाड्यात वर्षभर पडून राहते. माझ्या भावाच्या मानवत तालुक्यातल्या शेतावर अशाच एका बाटलीतलं औषध मांजराच्या पिल्लाला लावलं गेलं. पिल्लाला पिसवा फार झाल्या होत्या, आणि आमच्या आत्याबाईंचा हिशेब सरळ होता. "एवढ्या मोठ्या बैलाला काही होत नाही, मग ह्या एवढुशा जिवाला थोडंसं लावलं तर काय होतंय?" थोडंसंच लावलं. रात्री पिल्लू थरथरायला लागलं, पहाटे आखडलं आणि गेलं. कोणी म्हणालं, काही तरी चावलं असंल. कोणी म्हणालं, मांजराची सगळी पिल्लं कुठं जगतात? औषधाचं नाव कोणीच घेतलं नाही.

त्याचा उलगडा झाला तो आमच्या परभणीच्या घरी, ठकीच्या अंगावर तीच लक्षणं दिसली तेव्हा.

ठकी घरातच वावरणारी, तिरंगी अंगाची मांजर. पावसाळा संपत आला होता. ती सारखी मान खाजवायची, शेपटीच्या बुडाशी दातांनी केस उपटायची. पुतण्याने दुकानातून मानेवर टाकायच्या थेंबांची नळी आणली. पाकिटावर कुत्र्याचं चित्र होतं. त्याने दुकानात तसं विचारलंही होतं, उत्तर मिळालं, "दोघांनाही चालतं, मांजराला अर्धी टाका." संध्याकाळी त्याने अर्धी नळी तिच्या मानेवर रिकामी केली. मी घरी आले तेव्हा ठकी नेहमीसारखी खिडकीत बसली होती.

जेवणं आटोपल्यावर तिचे कान फडफडू लागले, त्यांवर सारखी माशी बसावी तसे. चालताना ती पंजे झटकत होती. मग लाळ सुरू झाली, पाठीची कातडी आपोआप उडू लागली, आणि बघता बघता सगळं अंग कापायला लागलं. उभं राहायला गेली की मागचे पाय फाकायचे. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अंगाला काही लावलंय का?" आणि दुसरा, "पाकिटाच्या मागं काय लिहिलंय, तेवढं वाचून दाखवा." मागे बारीक अक्षरात पर्मेथ्रिन होतं. ते म्हणाले, "आधी धुवा. भांड्याच्या साबणानं, कोमट पाण्यानं. मग लगेच घेऊन या. पाकीट सोबत आणा."

त्या रात्री सलाईन, झटके थांबवायचं इंजेक्शन, स्नायू सैल करायचं औषध, दर थोड्या वेळाने अंगाचं तापमान पाहणं, असं सगळं झालं. या विषावर उतारा ठरेल असं एकही औषध नाही. शरीर ते हळूहळू बाहेर टाकेपर्यंत जनावराला सांभाळून न्यायचं असतं, आणि त्याला एक ते तीन दिवस सहज लागतात. ठकी वाचली, कारण औषध लवकर धुतलं गेलं आणि दवाखाना जवळ होता. शेतावरच्या पिल्लाला यातलं काहीच मिळालं नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की हा रोग नव्हता, अपघातही नव्हता. प्रेमाने, काळजीने लावलेलं औषध होतं. म्हणूनच हे नीट समजून घ्यायला हवं.

पर्मेथ्रिन हे नाव शहरात नवं वाटेल. कापूस पिकवणाऱ्या घराला त्याची भावंडं चांगली माहीत आहेत. बोंडअळीवर फवारलं जाणारं सायपरमेथ्रिन त्याच कुळातलं. गोचिडासाठीचं डेल्टामेथ्रिन आणि पाठीच्या कण्यावर ओतायचं फ्लुमेथ्रिनही त्याच कुळातलं. शेवंतीच्या जातीतल्या एका फुलात कीटकांना मारणारं द्रव्य असतं. त्याच्या धर्तीवर ही रसायनं प्रयोगशाळेत तयार झाली. पर्मेथ्रिन 1973 च्या सुमारास इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल एलियट यांच्या गटाने घडवलं. माणूस, गाय, बैल, कुत्रा यांच्या शरीरात ही रसायनं बऱ्यापैकी लवकर मोडली जातात, म्हणून ती आपल्याकडे सुरक्षित समजली गेली. मांजराच्या शरीरात तसं होत नाही.

कारण मांजराच्या यकृतात आहे. ग्लुकुरोनिडेशन नावाची एक प्रक्रिया असते. ती विषारी पदार्थाला साखरेसारख्या एका रेणूशी जोडते आणि लघवीवाटे, पित्तावाटे बाहेर पाठवते. मांजरात हे काम करणारा एक महत्त्वाचा जनुक निकामी झालेला आहे, आणि मांजराच्या कुळातल्या वाघ-सिंहांचीही तीच स्थिती आहे. पिढ्यान्‌पिढ्या केवळ मांस खाऊन जगलेल्या या प्राण्यांना वनस्पतींमधली विषं पचवायची गरज पडली नाही, असं शास्त्रज्ञ त्याचं कारण सांगतात. याच उणिवेमुळे आपल्या घरात सर्रास असणारी तापाची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. पाण्यात टाकल्यावर पांढरं होणारं काळं फिनेल, रॉकेल, कापूर, डांबराच्या गोळ्या, यांतलं काहीही पिसवांसाठी मांजराच्या अंगावर किंवा अंथरुणात घालू नये. निंबाचं तेल घरचं आहे म्हणून निर्धोक मानू नका. मांजर दिवसभर अंग चाटतं. अंगावर लावलेलं सगळं शेवटी त्याच्या पोटात जातं.

"अर्धी टाका" हा सल्ला किती घातक आहे ते यावरून कळेल. कुत्र्यांच्या काही थेंबांत पर्मेथ्रिनचं प्रमाण निम्म्याच्या आसपास असतं. त्याचा अर्धा डोससुद्धा मांजरासाठी फार मोठा ठरतो. लंडनच्या पशुवैद्यकीय विषमाहिती सेवेकडे अशा 286 मांजरांच्या नोंदी जमल्या होत्या. त्यांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. बहुतेक सर्व मांजरांना लक्षणं झाली होती आणि साधारण दहातलं एक दगावलं होतं. जिथे चोवीस तास जनावरांचा दवाखाना मिळतो, त्या देशातली ही गोष्ट आहे. पालम, सोनपेठ, जिंतूरच्या खेड्यात रात्री दहा वाजता काय होईल?

म्हणून नळी उघडण्याआधी तीन गोष्टी पाहा. पाकिटावर मांजराचं चित्र आणि मांजरासाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. मागे घटकाचं नाव वाचा: शेवटी 'थ्रिन' येणारं कुठलंही नाव दिसलं, किंवा ॲमिट्राझ दिसलं, की ते मांजरासाठी नाही. (ॲमिट्राझही आपल्याकडे गोचिडासाठी खूप वापरतात, त्याने मांजर थरथरत नाही, उलट गळून पडतं, थंड होतं.) आणि मांजराचं वजन माहीत हवं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिल्लू मावतं. मोठ्या मांजराला उचलून आपण वजनकाट्यावर उभं राहायचं आणि मग आपलं वजन वजा करायचं.

मांजरासाठी चालणारी औषधं आहेत आणि ती मिळतात. फिप्रोनिलचे मांजरासाठीचे थेंब येतात, एका नळीत अर्धा मिलिलिटर. तेच औषध कुत्र्यासाठी मोठ्या नळ्यांत येतं. मोठी नळी घेऊन घरातल्या मांजरांना वाटून टाकण्याची काटकसर करू नये, कारण अंदाजाने पडलेले थेंब कमी-जास्त होतात. सेलामेक्टिन हे दुसरं, त्याची मात्रा वजनावर ठरते. दोन्ही आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना लावत नाहीत. घरात ससा असेल तर फिप्रोनिल त्याच्याजवळसुद्धा नेऊ नका, सशाला ते विषारी आहे.

थेंब लावायची जागा मानेच्या मागे, डोक्याच्या बुडाशी, जिथे मांजराची जीभ पोचत नाही. केस बाजूला करून औषध थेट कातडीवर पडलं पाहिजे. केसांवर पडलं तर वाया जातं आणि बाकीची मांजरं ते चाटतात. दोन मांजरं एकमेकांना चाटत असतील तर वाळेपर्यंत वेगळी ठेवा. आदल्या आणि नंतरच्या दोन दिवसांत अंघोळ नको. औषधाची चव लागली तर मांजर थोडा वेळ लाळ गाळतं, तोंड वेडंवाकडं करतं. ते आपोआप थांबतं. मात्र कान उडणं, पंजे झटकणं, लडखडणं, थरथरणं, यांतलं एकही दिसलं की वाट पाहू नका. लक्षणं काही तासांत येतात, क्वचित दोन-तीन दिवसांनीही. कोमट पाणी आणि भांड्याचा पातळ साबण वापरा. गरम पाणी नको. त्याने कातडीतला रक्तप्रवाह वाढतो आणि औषध आणखी आत ओढलं जातं. धुतल्यावर टॉवेलमध्ये गुंडाळून ऊब द्या, चाटू देऊ नका. आमच्याकडे विषबाधा म्हटलं की दूध, तूप, मिठाचं पाणी पाजायची धावपळ होते. थरथरणाऱ्या मांजराच्या तोंडात ओतलेलं श्वासनलिकेत जातं. काहीही पाजू नका, निघा.

परभणीकरांचं भाग्य असं की 1972 पासून इथे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. ते आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतं. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, आणि 1962 हा शासनाच्या पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक आहे. हा क्रमांक आणि जवळच्या डॉक्टरांचा नंबर वेळ येण्याआधी भिंतीवर लिहून ठेवा.

पिसू दिसली की आमच्याकडची मोठी माणसं घाबरतात, आणि त्याला कारण आहे. 1994 च्या पावसाळ्यात शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी पिसवांचा उच्छाद झाला आणि मग प्लेगचे रुग्ण निघाले. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्या दिवसांत घरोघर भुकटी मारलेली पाहिलेल्या माणसाला मांजरावरची पिसू साधी वाटत नाही. पण प्लेग पसरवणारी मुख्यतः उंदरावरची पिसू. घरच्या मांजरावर बहुतेक वेळा सापडते ती मांजराची पिसू, निराळ्या जातीची. ती त्रास देते, लहान पिल्लाचं रक्त पिऊन त्याला पांढरंफटक करते, क्वचित मारतेही. परंतु तिच्यासाठी घाईघाईने हाताला येईल ते औषध ओतायची गरज नाही. एक रात्र थांबता येतं.

खात्री करायची सोपी रीत आहे. मांजराला पांढऱ्या कागदावर उभं करून उवांच्या बारीक फणीने विंचरा. काळे कण पडले तर त्यांवर पाण्याचा थेंब टाका. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. आठ आठवड्यांखालच्या पिल्लांसाठी ही फणीच औषध. रोज विंचरायचं, निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या.

मांजरावर दिसतात त्या पिसवा एकूण पिसवांच्या फार थोड्या असतात. मादी रोज चाळीस-पन्नास अंडी घालते. ती गुळगुळीत असल्याने अंगावरून घरंगळतात आणि मांजर झोपतं तिथे, फरशीच्या फटीत, पलंगाखाली, सारवलेल्या जमिनीच्या भेगांत जातात. अळ्या अंधारात वाढतात, मग कोष करतात. कोषातली पिसू काही महिने तशीच थांबू शकते आणि पायांचा हादरा किंवा ऊब जाणवली की बाहेर उडी घेते. बंद पडलेला वाडा दिवाळीला उघडला की पायांवर पिसवा चढतात, त्या अशा. म्हणून एकदा थेंब टाकून काम होत नाही. औषध दर महिन्याला, घरातल्या सगळ्या मांजरांना, निदान तीन महिने चालू ठेवावं लागतं. सोबत अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकायचं, कोपरे रोज झाडायचे, केर घराबाहेर न्यायचा. अळ्यांना कोरडं ऊन सोसत नाही, आणि आमच्याकडे तेवढं तरी भरपूर आहे. गोठ्यात औषध मारलं असेल, किंवा कुत्र्याला थेंब लावले असतील, तर सगळं पूर्ण वाळेपर्यंत मांजराला तिकडे फिरकू देऊ नका.

मांजर चाटताना पिसू गिळतं आणि पिसवेच्या पोटातल्या पट्टकृमीची अळी आतड्यात पोचते. काही दिवसांनी शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या कणीएवढे, कधी वळवळणारे तुकडे दिसतात. पिसवांच्या थेंबांनी हा कृमी जात नाही, त्याला वेगळी गोळी लागते. तीही वजनावर ठरते, तेव्हा दुकानात नुसतं पाकीट मागण्यापेक्षा मांजराला पिशवीत घालून दवाखान्यात न्यावं.